मेमरी भरून मिळेल

पायरसी म्हटलं की शहरातली पोरं टॉरेंटचं, म्हणजे इंटरनेटवर एकमेकांकडून फाइली उतरवून घेण्याच्या तंत्राचं, नाव घेतात. ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट २००१ साली आणलं खरं, पण ते चालवायला संगणक, इंटरनेट आणि रात्रभर टिकणारी वीज लागते. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत तेव्हा तिन्हींची बोंब होती. त्यामुळे खानदेशात डाउनलोड करणारा एक आणि ऐकणारे शंभर, अशी रीत पडली.

तिची मुळं व्हीसीआरच्या काळात आहेत. १९८२च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही आला. मागोमाग वर्गणी काढून भाड्याने टीव्ही-व्हीसीआर आणायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे, हा गावोगावचा कार्यक्रम झाला. कॅसेट मूळ की कॉपी, हे कोण विचारतो? व्हिडिओ पायरसी इतकी बोकाळली की १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवर नेली. पुढे आठवडे बाजारात व्हीसीडी आल्या, पण त्यांनाही प्लेअर आणि वीज लागायचीच.

खरा बदल मोबाइलच्या मेमरी कार्डाने केला. भारनियमनात टीव्ही बंद, मोबाइल मात्र चालू. केळीला, कपाशीला रात्रीचं पाणी भरायला जाणाऱ्याच्या खिशात गाणी वाजू लागली. एमपी३मध्ये एक गाणं चार-पाच एमबीत मावतं, म्हणजे दोन जीबीच्या कार्डात सुमारे चारशे. एसटी स्टँडजवळच्या दुकानात कार्ड रीडर खुपसलेला संगणक आणि बाहेर पाटी: मेमरी भरून मिळेल. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘भाऊ, भरी दे.’ आत फोल्डर लावलेले: जुनी, भक्ती, डीजे, अहिराणी. आवड ओळखून भरणारा दुकानदार हेच आमचं सर्च इंजिन. गाण्याच्या नावात मात्र गायकाऐवजी कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता असायचा.

यात अहिराणी कलाकारांचं विचित्र झालं. लग्नाच्या वरातीत गाणं त्यांचं वाजे, पण सीडी कोणी विकत घेत नसे. नाव गावोगाव, गल्ला रिकामा. (ते गाणं फुकट ऐकणाऱ्यांत मीही होतो.) राज्य सरकारने २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सना झोपडपट्टीदादांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात, एमपीडीएत, आणून बसवलं. तरी कार्ड भरणं थांबलं ते छाप्यांपेक्षा सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओमुळे. डेटा स्वस्त झाला, अहिराणी गाणी यूट्यूबवर गेली आणि जाहिरातींतून निदान काहींच्या हाती पैसा पडू लागला.

फुकटची सवय मात्र टेलिग्रामवर मुक्कामाला गेली. आता तिथे सिनेमांच्या जोडीला क्लासच्या नोट्स आणि व्हिडिओही फिरतात. एका शिक्षिकेच्या अशाच दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं. पोलिस भरतीची तयारी करणारी आमच्याकडची पोरं तरीही एकमेकांना विचारतात, ‘पीडीएफ शे का?’