गाडीच्या आत पाणी ओतू नका : एसयूव्हीच्या केबिनची निगा, आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे चिखलाने माखून आलेल्या गाडीला फारसा वेळ लागत नाही. चिखल वाळतो, व्हॅक्यूमने निघतो, उरलेले डाग शॅम्पूने जातात. वेळ खाते ती घरी ‘स्वच्छ धुतलेली’ गाडी. मालक सांगतात, पाइप लावून आतून सगळं धुतलं, दारं उघडी ठेवून वाळवलं, परफ्यूमही ठेवला, तरी बसलं की कुबट वास येतोच. पुढचा प्रश्नही ठरलेला : ‘एवढ्याशा वासासाठी गाडी ठेवून का घेता?’ काउंटरवर घाईघाईत दिलेलं उत्तर कुणालाच पटत नाही, म्हणून ते इथे नीट लिहून देत आहोत.

कार्पेट वाळलं, खालचं नाही

पायाखाली दिसणारं कार्पेट हा फक्त वरचा थर. त्याच्या पाठीला बहुतेक गाड्यांत रबरासारखा जड थर असतो आणि त्याखाली आवाज व उष्णता अडवण्यासाठी फोमचा किंवा दाबलेल्या धाग्यांचा जाड थर. पाय ठेवायच्या जागी हा थर चांगला बोटा-दोन बोटांचा असतो. आत ओतलेलं पाणी सीटच्या बोल्टांभोवतीच्या फटींतून, वायरी वर येतात त्या चिरांतून, उंबऱ्याच्या कडेने खाली उतरतं आणि फोम ते पिऊन घेतो. बाहेर पडायला त्याला वाट नाही. खाली पत्रा, वर जड थर. ओल्या गादीवर मेणकापड अंथरावं तसा प्रकार. वरून हात फिरवला तर सगळं कोरडं लागतं आणि खाली आठवडेच्या आठवडे ओल टिकते. बुरशी धरते ती तिथे, वास येतो तोही तिथूनच.

एसयूव्हीत हे जास्त का होतं? तळ मोठा, त्यात तीन रांगांची गाडी असली तर आणखी मोठा. चढावर पाणी मागे जातं, ब्रेक लागला की पुढे येतं आणि शेवटी जिथे खोलगट जागा मिळेल तिथे बसतं. पुष्कळदा ती जागा तिसऱ्या रांगेच्या बाजूचा जॅकचा कप्पा निघते. पाणी सांडलं पुढे आणि वास येतो डिकीतून, अशा गाड्या आम्ही नेहमी बघतो. डिकी धुऊन अर्थातच काही उपयोग होत नाही.

घरच्या घरी तपासायचं तर मॅट उचला, कार्पेटवर टिश्यू पेपरची जाड घडी ठेवा आणि टाचेने जोर देऊन थोडा वेळ उभे राहा. घडी दमट झाली तर खाली पाणी आहे. पाय ठेवायच्या चारही जागी आणि जॅकच्या कप्प्यात हे करून बघा. सकाळी काचांवर बाहेरून नाही तर आतून दव धरत असेल, तर तीही ओलीचीच खूण. एसी बिघडलाय असं समजून लोक तिकडे जातात; आधी मॅटखाली बघा.

वास एकवेळ परवडला. खरी धास्ती वायरिंगची. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि सीट बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे. बऱ्याच गाड्यांत सीटखाली किंवा कार्पेटखाली कंट्रोल युनिटही असतं, आणि दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून वायरींची जाडजूड जुडी मागे जाते. पाणी लागलं म्हणून त्याच दिवशी काही बिघडेल असं नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढायला वेळ लागतो. मग एके दिवशी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि गाडी कधी धुतली होती हे कुणाच्या लक्षातही नसतं.

‘एसयूव्ही तर पाण्यातून जाते, मग आतून धुतली म्हणून काय झालं?’ असंही विचारतात. कंपनीच्या पुस्तिकेत पाण्याची जी खोली दिलेली असते, ती बाहेरच्या पाण्यातून सावकाश जाण्यासाठी. केबिनमध्ये पाणी चालतं असा तिचा अर्थ नाही. पाइपने आतून धुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. जीप रँग्लरसारख्या काही गाड्यांच्या तळाला पाणी सोडायची बुचं असतात हे खरं, पण तिथेही कार्पेट आधी काढून घ्यावं लागतं, आणि ते काढता यावं अशीच त्या गाडीची रचना आहे. तुमच्या गाडीच्या तळाला दिसणारी रबरी बुचं बहुधा वेगळी असतात. कारखान्यात रंगाच्या टाकीतून निघालेली बॉडी निथळावी म्हणून पत्र्याला भोकं ठेवतात, ती नंतर या बुचांनी बंद करतात. ती उपसून पाणी सोडायला जाऊ नका. नीट परत बसली नाहीत तर पुढच्या पावसात पाणी खालून वर येईल.

चुकून पाणी गेलंच तर

बाटली उलटली, काच उघडी राहिली आणि पाऊस आला, असं होतंच. पहिले काही तास महत्त्वाचे. मॅट बाहेर काढा. कोरडा टॉवेल कार्पेटवर ठेवून पायाने दाबा, बदलत राहा, घासू नका. पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर तोच जागेवर धरून ठेवा, फिरवत बसू नका, कारण खालचं पाणी वर यायला वेळ लागतो. मग गाडी सुरू करून एसी लावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण दाबा. एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो. आतलीच हवा फिरवत ठेवली तर काम धिमं होतं. दूध सांडलं असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी आणा. वाळलेलं दूध फोममधून काढणं आमच्यासाठीही कटकटीचं काम आहे.

पुराचं किंवा गटाराचं पाणी सीटच्या खालपर्यंत चढलं असेल तर गाडी सुरूच करू नका. फोन करा, गाडी ओढून आणायची व्यवस्था होते.

आम्ही गाडी ठेवून का घेतो

ओल खालपर्यंत गेली असेल तर सीट काढाव्या लागतात. त्याआधी बॅटरी सोडवून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच एअरबॅगचे कनेक्टर सोडवतो. मग कार्पेट उचलून फोमखालून हवा खेळवतो. ओल मोजायच्या मीटरने पत्र्याजवळचा थर कोरडा दिसल्याशिवाय काहीही परत बसवत नाही. ही गोष्ट घाई केल्याने लवकर होत नाही. हीटरची गरम हवा मारली तर वरचा थर आखडतो आणि खालचा तसाच राहतो. सीट काढण्याची मजुरी वेगळी धरतो, आणि ती धरण्याआधी मीटरचा आकडा तुम्हाला दाखवतो. गरज नसेल तर सीट काढत नाही, तसं स्पष्ट सांगतो.

तासाभरात वास घालवून देणारी ओझोनची मशिनं असतात. आमच्याकडेही आहे. पण ओल असताना ते लावणं म्हणजे वासाला चार दिवस सुट्टी देणं, आणि वारंवार लावलं तर रबराच्या पट्ट्या लवकर कडक होतात. ते आम्ही सगळं वाळल्यावर, शेवटी वापरतो.

तुम्ही न ओतलेलं पाणी

मॅट भिजली म्हणजे कुणीतरी पाणी सांडलंच असं नाही. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायला हवं. ते ठिबकणं बंद झालं आणि पुढच्या पायांच्या जागेत ओल आली, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याची दाट शक्यता. काम छोटं आहे, पण दुर्लक्ष केलं तर वर लिहिलेलं सगळं रामायण सुरू होतं.

सनरूफचंही तसंच. पुष्कळांना वाटतं सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवतं. ते बरंचसं अडवतं. उरलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत येतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खांबांच्या आतून खाली जातं. पन्हळीत पानांचा भुगा, धूळ साचली की नळी बंद होते आणि पाणी छताच्या अस्तरावर उतरतं. सनरूफ उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसत जा, कोपऱ्यात अगदी थोडं पाणी सोडून ते गाडीखाली बाहेर येतं का बघा. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. नळी आतल्या जोडावरून निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवल्याशिवाय ती परत लागत नाही. समोरच्या काचेखाली, वायपरच्या जाळीत साचलेला पालापाचोळाही हाताने काढत जा. आमच्या आतल्या संपूर्ण सफाईत या सगळ्या वाटा तपासणं धरलेलंच आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

एसी लावल्याबरोबर पहिला झोत आंबूस येत असेल तर मुक्कामाला पोचण्याच्या काही मिनिटं आधी एसी बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे एसीची आतली ओली जाळी वाळते. केबिनचा फिल्टर साधारण 10 ते 15 हजार किलोमीटरला, धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बदलावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरी बदलता येतो. फिल्टरवरच्या बाणाची दिशा तेवढी पाळा. गाडी न्यायला याल तेव्हा विचारा, काढून दाखवू.

सीट, डॅशबोर्ड, स्क्रीन

‘लेदर’ म्हणून घेतलेल्या बऱ्याच सीट प्रत्यक्षात कृत्रिम चामड्याच्या असतात. त्यांना लेदरचं क्रीम चोपडून काही मिळत नाही, वर धूळ तेवढी चिकटते. सौम्य साबणाचं पाणी, पिळून घेतलेलं फडकं, मग कोरडं फडकं, बास. बारीक भोकं असलेल्या, आतून हवा खेळणाऱ्या सीटवर थेट स्प्रे कधीही मारू नका. फवारा फडक्यावर घ्या. भोकांतून द्रव आत गेला की खाली पंखा आणि फोम आहे. नव्या जीन्सचा निळा रंग फिकट सीटवर उतरतो; तो ताजा असताना निघतो, उन्हात भाजल्यावर अवघड.

डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश आम्ही लावत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि नेमकं वळणावर दिसेनासं होतं. स्टिअरिंग आणि पेडलवर तर ते घातकच, हातपाय घसरतात. आमच्याकडून गाडी ‘चमकत नाही’ अशी तक्रार आली की आम्हाला वाईट वाटत नाही. परफ्यूमच्या जेलची बाटली डॅशबोर्डवर गळली तर प्लास्टिकचा रंग आणि पोत दोन्ही जातात, ते परत येत नाहीत. बाटली हवीच असेल तर कपहोल्डरमध्ये ठेवा.

टचस्क्रीनला काचेचा अमोनियावाला क्लीनर नको, सॅनिटायझरही नको; वरचा थर उडतो. कोरडं मायक्रोफायबर पुरतं. छताचं कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतं, जास्त भिजवून घासलं की लोंबायला लागतं. तिथला डाग आमच्यावर सोडा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, क्लिपने अडवून साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच आत जाऊ द्या. ब्लीच अजिबात नको, त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात.

तिसरी रांग आणि सामान

सेडानची डिकी वेगळी असते. एसयूव्हीत सामान आणि माणसं एकाच खोलीत. जोरात ब्रेक लागला तर मागचं सुटं सामान थेट माणसांवर येतं. जड वस्तू खाली, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा आणि तळाच्या कड्यांना बांधा. पाठीच्या उंचीच्या वर सामान रचायचं तर मध्ये जाळी हवी. डिकीवर ओढायचा पडदा फक्त झाकण्यासाठी आहे, त्यावर छत्रीसुद्धा ठेवू नका.

सीट दुमडायच्या सरकपट्टीत वाळू, नाणी, खेळण्यांचे तुकडे जातात आणि मग सीट अर्धवट बसते. लोक तेल सोडतात, त्याला धूळ चिकटून काम आणखी बिघडतं. बारीक नळीने व्हॅक्यूम करा. सीट उभी केल्यावर पाठ हाताने जोरात ओढून बघायची सवय लावा. खटका पूर्ण बसला नसेल तर तिथेच कळतं.

ड्रायव्हरच्या बाजूला मॅटवर मॅट टाकू नका. वरची सरकून पेडलखाली जाते. एकच मॅट, हुकात अडकवलेली. गाडीच्या मापाच्या, कडा उचललेल्या मॅट आमच्याकडे मिळतात. त्यातलं पाणी बाहेर नेऊन ओतता येतं, कार्पेटपर्यंत जात नाही. पूर्ण तळ झाकणाऱ्या, घट्ट बसवलेल्या मॅट घेतल्या असतील तर त्या अधूनमधून उचलायलाच हव्यात. ओल लपवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा. असेल तर त्या बाजूला उघडणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर एअरबॅग वेळेवर बाहेर येणार नाही. दुसरीकडून आणलेलं, बाजू बंद असलेलं कव्हर आम्ही बसवून देत नाही. त्यावरून वाद झालेत, पण नियम बदललेला नाही.

गाडी आणून देताना

आधी परफ्यूम मारू नका. खरा वास आला तर जागा लवकर सापडते. पाणी कधी, कुठे गेलं ते खरं सांगा, आम्ही रागावत नाही. आधी कुणाकडून सीट काढून घेतल्या असतील तर तेही सांगा. ग्लोव्ह बॉक्स, मधला कप्पा आणि जॅकचा कप्पा रिकामा करून आणा. मुलाची सीट असेल तर ती तुम्हीच काढा आणि परत लावतानाही तुम्हीच लावा. तिचे पट्टे तुमच्या मुलाच्या मापाने बसवलेले असतात, आम्ही हात लावत नाही.