काही गिळलं गेलं तर : थांबायचं की धावायचं?

घड्याळाचा किंवा रिमोटचा सेल बदलून दिला की जुना बटण सेल आम्ही परत देत नाही, आमच्याच डब्यात टाकतो. काही जण तो मागतात. ‘संपलाच आहे ना, पोराला खेळायला होईल,’ असं सहज म्हणून जातात. त्यांना आम्ही दोन मिनिटं थांबवून घेतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेला लाल लिटमस कागद त्याच ‘संपलेल्या’ सेलच्या वजा बाजूवर, कडेला टेकेल असा ठेवतो. बघता बघता कागद निळा पडतो, कडेला बारीक बुडबुडे येतात. निळा रंग म्हणजे तिथे अल्कली, म्हणजे कातडी भाजणारं क्षारद्रव्य, तयार होतंय. घड्याळ चालवायला त्या सेलची ताकद पुरत नाही, पण पाण्याचं विघटन करायला नक्की पुरते.

मुलाच्या अन्ननलिकेत सेल अडकला की हेच होतं, फक्त कागदाच्या जागी जिवंत पेशी असतात. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. ओलसर भिंतीला दोन्ही टोकं टेकली की वीज वाहू लागते आणि वजा बाजूची भिंत भाजत जाते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली यांत असतो तो २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात घातक, कारण तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकेल एवढा मोठा आहे आणि त्याचा विजेचा दाबही (व्होल्टेज) जास्त. असे सेल आम्ही रोज विकतो, म्हणून हे सांगणं आमचंच काम आहे असं आम्ही मानतो. लोक आम्हाला नाणी, चुंबक, टाचण्यांबद्दलही विचारतात, तेव्हा त्याचंही इथेच लिहिलं आहे.

आधी श्वास बघा

मूल रडू, बोलू किंवा खोकू शकत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वस्तू श्वासनलिकेत अडकली आहे. तिथे पुढचं काही वाचत बसू नका. एकाने रुग्णवाहिका बोलवायची, दुसऱ्याने मुलाला पुढे झुकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरकस थापा द्यायच्या. वस्तू निघाली नाही तर वर्षावरच्या मुलाला पोटावर ५ दाब, वर्षाच्या आतल्या बाळाला छातीच्या मध्यभागी ५ दाब. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं. मूल बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करायचा. जोरात खोकत असेल तर मात्र खोकू द्या, खोकला हाच त्याचा उत्तम उपाय असतो. तोंडात वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते.

श्वास ठीक आहे, मग काय गिळलं?

इथे बहुतेकांची चूक होते. मूल खेळतंय, हसतंय, मग घाई कशाला, असं वाटतं. पण सेल आणि चुंबक गिळलेली मुलं सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसू शकतात. म्हणून चेहऱ्यावरून नाही, वस्तूवरून ठरवा.

बटण सेल : गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालयात, जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीने वस्तू काढायची सोय आहे अशा ठिकाणी. रात्र असो की सणाची सुट्टी. सेल नाकात किंवा कानात गेला असेल तरी हीच घाई करायची, तिथेही तो तसाच भाजतो.

एकापेक्षा जास्त चुंबक, किंवा एक चुंबक आणि लोखंडाची एखादी वस्तू : हेही तितकंच तातडीचं. छोटे निओडिमियम चुंबक फार ताकदीचे असतात. आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांत बसून ते एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटीत सापडते, रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडतं. एकच गिळला असं मूल म्हणत असेल तरी एक्स-रे होईपर्यंत जास्त असतील असं धरून चाला.

सुई, टाचणी, उघडी सेफ्टी पिन, काच, टूथपिक, किंवा साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लांब काहीही : त्याच दिवशी, वाट न बघता डॉक्टरकडे.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी : गिळताना वाटाण्याएवढेही नसतात, पण आत फुगून आतडं बंद करू शकतात. ते एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. म्हणून पाकीट किंवा उरलेले मणी सोबत न्या, नाहीतर डॉक्टरांना अंदाज येणार नाही.

नाणं, गोटी, बिनटोकाचा प्लास्टिकचा तुकडा : काही त्रास नसेल तर यात जरा उसंत असते. अशा वस्तू एकदा जठरात उतरल्या की बहुतेक वेळा आपोआप शीवाटे बाहेर पडतात, कधी दोन-तीन दिवसांत, कधी काही आठवड्यांनी. तरी नाण्यासाठी त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा, कारण नाणं त्रास न देताही अन्ननलिकेत अडकून राहू शकतं.

आणि एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. ‘नाणंच असेल’ हा अंदाज असेल, डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर तो सेल आहे असंच समजा. एक्स-रेमध्येही दोन्ही गोल दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतं, त्यावरून डॉक्टर ओळखतात. घरी बसून ते ओळखणं कुणालाच जमणार नाही.

वस्तू कोणतीही असो, ही लक्षणं दिसली तर लगेच निघा

लाळ गिळता न येणं किंवा सारखी गळणं, घास नाकारणं, गळ्यात किंवा छातीत दुखणं, श्वासाचा घरघर आवाज, वारंवार उलटी, उलटीत किंवा शीत रक्त, काळी शी, पोट फुगणं किंवा कडक होणं, ताप. मोठ्यांच्या बाबतीतही हेच. घास अडकला आणि स्वतःची थुंकीही खाली जात नसेल, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत रात्र काढू नका.

घरी काय करू नये

उलटी करवू नका. सेल किंवा टोकदार वस्तू परत वर येताना दुसऱ्यांदा इजा करते. वस्तू खाली ढकलायला वरून घास भरवू नका, जुलाबाचं औषध देऊ नका. दुर्बीण घालायची झाली तर भूल द्यावी लागते, म्हणून तपासणी होईपर्यंत पोट रिकामं असलेलं बरं.

याला एकच अपवाद आहे, तोही फक्त सेलसाठी. मूल एक वर्षावरचं असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी २ चहाचे चमचे (१० मिलिलिटर) मध चाटवा, जास्तीत जास्त ६ वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि भाजणं थोडं मंदावतं. हा इलाज नाही, वाटेत मिळालेली सवड आहे. घरात मध नसेल तर आणायला थांबू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही.

निघताना रिकामं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल बरोबर घ्या. पाकिटावरचा ‘सीआर २०३२’ सारखा क्रमांक डॉक्टरांना दाखवा. त्यातला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नोंदणीच्या खिडकीवर ‘मुलाने काहीतरी गिळलंय’ असं मोघम सांगू नका, ‘बटण सेल गिळलाय, इतके वाजता’ असं सांगा. रांगेतून तुम्हाला पुढे घ्यावं की नाही हे त्या एका वाक्यावर ठरू शकतं.

सेल काढल्यावरही जखम काही दिवस वाढू शकते. घरी आल्यानंतर कित्येक दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, उलटीत रक्त दिसलं तर ते थोडं असलं तरी त्याच क्षणी परत न्या.

घरातल्या ज्येष्ठांबद्दल

श्रवणयंत्राचे सेल गोळीएवढेच असतात आणि पुष्कळदा औषधांच्या डबीशेजारीच ठेवलेले असतात. गोळी समजून ते गिळल्याचे प्रकार होतात. सेल वेगळ्या खोलीत ठेवा आणि तो बदलायचं काम शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करा.

सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे की नुसतं सरकतं झाकण, हे घरातल्या प्रत्येक रिमोटचं आणि वाजणाऱ्या खेळण्याचं एकदा तपासा. झाकण सैल असेल तर ते उपकरण आमच्याकडे आणा. वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावर ठेवा आणि पुढच्या वेळी येताना घेऊन या, आम्ही तो ठेवून घेऊ.