अंगावर पिणाऱ्या बाळाची अन्न-संवेदनशीलता

आईने खाल्लेल्या पदार्थांतील प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना त्याचे काही वाटत नाही. मोजक्या बाळांच्या आतड्याला मात्र त्याने सूज येते. सर्वाधिक वेळा कारण असते गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिन; सोयाबीन, अंडे, गहू त्याच्या मागून येतात. घरोघरी याला ‘आईचे दूध बाधले’ म्हणतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. बाधते ते आईने प्यायलेले जनावराचे दूध. तरीही बाळाला अंगावरून तोडून वरचे दूध सुरू करतात. म्हणजे जे थेंबाथेंबाने सोसवत नव्हते, तेच वाटीने पाजले जाते.

त्रास बहुधा पहिल्या दोन महिन्यांत दिसू लागतो. बाळ हसते, पिते, वजनही भरते. पण लंगोट सोडला की पिवळ्या शीत शेंबडासारखी आव आणि त्यात लाल दोऱ्यासारखी रक्ताची रेघ असते. कधी सोबत अंगावर खरखरीत, खाजरे चट्टे येतात. नुसती हिरवी शी, दिवसातून सात-आठ वेळा होणारी शी किंवा संध्याकाळचे रडणे यांवरून मात्र निदान करू नये. रक्ताची कारणे इतरही असतात: गुदद्वाराची चीर, जंतुसंसर्ग, कधी आईच्या भेगाळलेल्या स्तनाग्राचे बाळाने गिळलेले रक्त. म्हणून पहिली रेघ दिसताच तो लंगोट घेऊनच बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बाळ वारंवार ओकत असेल, मलूल किंवा पांढरे पडले असेल, पोट फुगले असेल, ताप असेल किंवा रक्त जास्त असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

लॅक्टोजचा त्रास ही निराळी गोष्ट आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर आईच्या शरीरात तयार होते आणि तिच्या दुधात सुमारे 7 टक्के असतेच. आईने ताक सोडले म्हणून ती घटत नाही. जन्मजात लॅक्टोज न पचणारी बाळे अतिशय दुर्मीळ.

उपाय आहे तो आईच्या पथ्याचा, आणि तोही मुदतीचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 2 ते 4 आठवडे दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ बंद ठेवतात. रक्त थांबले, की आई पुन्हा थोडे दूध घेऊन पाहते; त्रास परतला तरच निदान पक्के. ही उलटी परीक्षा पुष्कळ घरांत राहूनच जाते, आणि बाळंतीण महिनोन्‌महिने विनाकारण उपाशी राहते. म्हशीचे किंवा शेळीचे दूध पर्याय म्हणून चालत नाही, कारण प्रथिने जवळजवळ सारखीच असतात. पंढरपुरी म्हशीच्या या सोलापूर जिल्ह्यात ‘आमच्या घरच्या म्हशीचे आहे, बाधणार नाही’ असे आजी मायेने म्हणेल. तिला हे समजावून सांगावे लागते.

सोलापुरी स्वयंपाकात हे पथ्य वाटते तितके अवघड नाही. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगाची चटणी यांत दूध नसते. फक्त चटणीवर दह्याऐवजी तेल घ्यायचे. दूध लपलेले सापडते ते चहात, बिस्किटांत, पावात, पेढ्यात, कढीत. शहरातल्या तेलुगू आणि कन्नड घरांत जेवणाचा शेवट दहीभाताने होतो, तिथे आईला खरी ओढ लागते. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करता येते. डिंकाच्या लाडवातल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून कडक पथ्यात तेही टाळतात. स्तनदा मातेला रोज सुमारे 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांनी काही भरते, उरलेल्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात. आधीच बाळंतिणीचे ताट ‘हे थंड, ते वातूळ’ म्हणून रिकामे केलेले असते; त्यात ही भर पडताना बाकीची बंधने सैल करायलाच हवीत. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात जाणाऱ्या आईने दोन स्वयंपाक करावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तेवढे दिवस घरातल्या सगळ्यांनीच बिनदुधाचा चहा प्यावा.

शेंगदाणे मात्र भीतीपोटी सोडू नयेत. अ‍ॅलर्जी टळावी म्हणून, जोखीम असलेल्या बाळाच्या आईने शेंगदाणे वर्ज्य करावेत, हा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला 2008 मध्ये मागे घेतला गेला.

बहुतेक बाळांचा हा त्रास वर्षाच्या आसपास आपोआप ओसरतो. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, मग वरच्या अन्नासोबत दोन वर्षे आणि पुढेही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस या बाळांनाही लागू आहे. वरचे अन्न सुरू करताना ज्वारीची पेज, मुगाचे वरण असे एकेक पदार्थ काही दिवसांच्या अंतराने द्यावेत, आणि दूध-दही बाळाला पहिल्यांदा चाटवण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा.