कर्नाक

ईजिप्तमधील लक्सर शहरात, नाईलच्या पूर्व काठावरचा प्राचीन मंदिरसमूह. लक्सर म्हणजेच जुने थीब्ज. आमोन-रे हा तेथील मुख्य देव. पत्नी मुत आणि पुत्र खोन्सू यांची देवळेही येथेच आहेत. इ.स.पू. २००० च्या सुमारास सुरू झालेले बांधकाम ईजिप्तवर शेवटी राज्य केलेल्या ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षे चालू होते. बहुतेक राजांनी जुन्या देवळापुढे आपले नवे महाद्वार उभारले. त्यामुळे पश्चिमेकडून आत शिरणारा माणूस काळात मागे मागे जातो.

पहिले महाद्वार सर्वांत उशिराचे, इ.स.पू. चौथ्या शतकातले, आणि तेही अपुरे. त्याच्या आतल्या अंगाला कच्च्या विटांचा उतार अजून आहे. दगड वर चढवण्यासाठी तो रचला होता. काम थांबले आणि तो तसाच राहिला. ढिगारा समजून पुढे जाऊ नये.

त्यानंतर येते सेती पहिला आणि रामसेस दुसरा या राजांचे स्तंभदालन (इ.स.पू. तेरावे शतक). खांब १३४; मधले १२ सुमारे २१ मी. उंच, बाकीचे सुमारे १५ मी. मधल्या उंच छताच्या बाजूंना दगडी जाळ्या होत्या, त्यांतून मधल्या वाटेवर उजेड येई. तेथील खांबांच्या माथ्यावर उमललेला पपायरस (नाईलकाठची लव्हाळ्यासारखी वनस्पती) आहे, कडेच्या अंधाऱ्या रांगांत मिटलेली कळी. सेतीची चित्रे उठावाची, रामसेसची बहुतेक खोल कोरलेली. सकाळच्या तिरप्या उन्हात हा फरक चटकन कळतो. १८९९ मध्ये यातले ११ खांब कोसळले, ते पुन्हा उभे केले आहेत.

नवे बांधताना जुने पाडले जाई. त्याआधीचा राजा सेनुस्रेत पहिला याचे पांढरे देवघर तिसऱ्या महाद्वाराच्या भरावात सुटे सुटे सापडले. ते आता आवारातल्या खुल्या संग्रहालयात जुळवून उभे आहे. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. पुढे हत्शेपसुत राणीचा २९ मी.हून उंच अखंड ग्रॅनाइट स्तंभ लागतो. सर्वांत आतले, सर्वांत जुने प्रांगण मात्र जवळजवळ रिकामे आहे. त्याचा चुनखडीचा दगड लोकांनी नेला.

सामान्यांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. दरवर्षीच्या ओपेत उत्सवात देवाची मूर्ती ठेवलेली होडी पुजाऱ्यांच्या खांद्यावरून, आपल्याकडच्या पालखीसारखी, लक्सरच्या देवळाकडे निघे, तेव्हा ती लोकांना दिसे. दोन्ही देवळांना जोडणारा सुमारे २.७ किमी.चा स्फिंक्सांचा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पवित्र तलावाकाठी आमेनहोतेप तिसरा याचा दगडी भुंगा आहे. त्याला प्रदक्षिणा घातल्यास इच्छा पूर्ण होते म्हणतात. किती घालायच्या, हे त्या दिवशीचा गाइड ठरवतो.