सांगोल्याचा लाल बावटा: गणपतराव देशमुखांच्या अकरा विजयांमागे काय होते?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून. रायगडसारख्या जुन्या बालेकिल्ल्यात शेकापला खाते उघडता आले नाही. इकडे तिरंगी लढतीत डॉ. बाबासाहेब देशमुखांनी शिंदे गटाचे शहाजीबापू पाटील आणि ठाकरे गटाचे दीपक साळुंखे या दोघांना हरवले. हा निकाल समजून घ्यायचा, तर बाबासाहेबांचे आजोबा गणपतराव देशमुख यांच्या साठ वर्षांच्या राजकारणाकडे वळावे लागते.

गणपतराव, म्हणजे तालुक्याचे ‘आबा’, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिलीला आले आणि शेकापच्या कामात ओढले गेले. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून उभारलेला हा पक्ष. पुढे जेधे काँग्रेसमध्ये परतले. त्यांच्यामागून कितीतरी जण तोच रस्ता धरून गेले, गणपतराव गेले नाहीत.

१९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. राज्य नवे होते आणि यशवंतराव चव्हाणांचा दबदबा असा की २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. शेकापचे १५ आमदार आले, त्यांत हे एक. १९६७ लाही ते जिंकले. १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पराभव झाला, तो शहाजीबापूंकडूनच. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा.

त्यांच्याबद्दल बोलताना लोक एसटीतला प्रवास आणि साधी राहणी यांच्याच आठवणी काढतात. त्या खऱ्या आहेत, पण मला त्या अपुऱ्या वाटतात. साधेपणावर माणूस एखादी निवडणूक जिंकेल, अकरा नाही. अवर्षणप्रवण तालुक्याच्या प्रश्नांची त्यांनी पिढ्यान् पिढ्या टिकेल अशी बांधणी केली, हे त्यांचे खरे काम.

सांगोला म्हणजे माणदेशाचा भाग. माण आणि कोरडा या नद्या वर्षाचा बराच काळ कोरड्या असतात. मेंढपाळांचा आणि खिलार जनावरांच्या बाजाराचा हा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसाला हाताला काम हवे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तेव्हा शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात गणपतराव मंत्री होते. १९९० पासून हीच हमी फळबाग लागवडीला जोडली गेली आणि सांगोल्याच्या मुरमाड माळावर बोरे आणि डाळिंबे उभी राहिली. अजनाळ्यासारखी गावे शेततळी आणि डाळिंबासाठी ओळखली जाऊ लागली. त्यात शेतकऱ्यांचे कष्ट मोठे आहेत, पण सरकारी योजना गावापर्यंत ओढून आणणारा प्रतिनिधी नसता तर हे इतक्या लवकर घडले नसते.

शेतकरी सहकारी सूतगिरणीची गोष्टही अशीच. इथे ना कापसाचा पट्टा, ना मुबलक पाणी. तरीही गणपतरावांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि शेतीबाहेरचा पगार तालुक्यातल्या घरांत येऊ लागला.

सर्वांत लांबलेली लढाई मात्र पाण्याची. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि फेरविचाराची मुदत ठेवली मे २००० ची. तोवर पाणी अडवले-वापरले नाही तर हक्क धोक्यात येईल, ही चिंता खरी होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणले. आमचे पाणी आम्हाला उंचावर उचलून द्या, ही मागणी. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलून खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याकडे नेण्याची योजना मार्गी लागली. पुढे निधी आणि वीजबिल या दोन्हींपायी ती वर्षानुवर्षे रखडत राहिली. विधानसभेत गणपतराव उठले की विषय बहुधा हाच असे, आणि ते मागच्या उत्तराचा हिशेब मागत.

सत्ता त्यांच्या वाट्याला थोडीच आली. काही काळ विरोधी पक्षनेतेपद, पुलोदमधले मंत्रिपद, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पुन्हा एकदा. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा तेही संपले.

२०१९ ला वयामुळे ते थांबले. पक्षाने आधी दुसऱ्याचे नाव पुढे केले होते, पण कार्यकर्त्यांच्या आग्रहाने उमेदवारी नातू डॉ. अनिकेत देशमुखांकडे आली. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या संघटनेला घराबाहेर वारस सापडला नाही, ही त्या बांधणीतली उणीव होती. अनिकेत ७६८ मतांनी हरले, जिंकले पुन्हा शहाजीबापू. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले.