माफीचा साक्षीदार: माफी देणार कोण?

सोलापूरच्या कोर्टाबाहेर एक माउली भेटली. पूर्व भागात यंत्रमागावर कामाला असलेला तिचा मुलगा एका गुन्ह्यात आत होता. "ठाण्यातले साहेब म्हणाले, बाकीच्यांची नावं सांगितली की पोराला सोडतो. सांगू दे का ओ त्याला, वकीलसाहेब?" हातात डब्याची पिशवी घट्ट धरलेली. असा शब्द द्यायचा अधिकार त्या साहेबांना नाहीच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुन्ह्यातल्याच एकाला माफी देऊन बाकीच्या साथीदारांविरुद्ध साक्षीला उभं करायचं, तो माफीचा साक्षीदार. आपल्याकडे ही पद्धत गाजली ती ठगांच्या खटल्यांत. 1830 च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं पकडलेल्या ठगांना जीवदान देऊन त्यांच्याच साथीदारांविरुद्ध उभं केलं. पण सुटका नाही. जबलपूरला पहाऱ्यात, गालिचे अन् तंबू बनवत त्यांचे दिवस गेले. (चादरींच्या गावात राहून हे वाचताना मन थबकतं.) फास चुकवायला सांगितलेल्या नावांत खरी किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पोलिसांवरच्या अविश्वासाचा इतिहास वेगळा. मद्रास इलाख्यात कबुलीसाठी छळ होतो, हे 1855 च्या आयोगानं मांडलं. मग 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पोलिसापुढची कबुली पुराव्यातून काढली आणि 1872 च्या पुरावा कायद्यानं ते कायम ठेवलं. आमिष, धमकी वा वचन देऊन घेतलेली कबुलीही बाद. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, पण महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर ती विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय मानू शकतं, हेही 2024 पर्यंत लागू असलेल्या त्याच कायद्यात होतं.

दुजोऱ्याचं वजन किती, ते गांधीहत्येच्या खटल्यात दिसलं. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. सावरकरांबद्दलच्या त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि ते निर्दोष सुटले.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, पण गाभा जुनाच. कलम 182 प्रमाणे पोलिसानं आमिष दाखवायचं नाही. कलम 343 प्रमाणे माफी देऊ करतात ते मॅजिस्ट्रेट, खटला सत्र न्यायालयात गेल्यावर कलम 344 प्रमाणे ते न्यायालय. आणि तीही गंभीर गुन्ह्यांतच. अट एकच: स्वतःच्या वाट्यासकट सगळं खरं सांगायचं. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत हा साक्षीदार आतच राहतो. काही लपवलं, तर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा अंगावर.

माउलीला एवढंच सांगितलं, "ठाण्यात कुणी काही कबूल करायला लावलं तर आधी वकील मागायला सांगा. माफीचं बोलणं कोर्टापुढेच होईल."