प्रौढ वयात फिगर स्केटिंग शिकणं

प्रौढ वयात फिगर स्केटिंग शिकणं म्हणजे साधारण विशीनंतर पहिल्यांदा बर्फावर उभं राहून एज (ब्लेडच्या एका धारेवर कलून घसरणं), वळणं, गिरक्या आणि उड्या शिकायला घेणं. लहानपणी शिकलेले आणि मध्ये सुटल्यावर परत आलेले लोकही स्पर्धांच्या हिशेबात याच गटात येतात, पण या नोंदीत मुख्यतः शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांचा विचार केलाय, कारण दोघांच्या अडचणी फार वेगळ्या असतात.

हा प्रकार अलीकडचा, १९९० नंतरचा, असं बरेचदा लिहिलेलं सापडतं. स्पर्धांपुरतं ते खरं आहे, शिकण्यापुरतं नाही. सगळ्यात जुना मानला जाणारा स्केटिंग क्लब एडिंबराचा, आणि तिथे सभासद व्हायचं तर दोन्ही पायांवर आळीपाळीने पूर्ण वर्तुळ काढून दाखवायचं आणि मग आधी एक, नंतर दोन, नंतर तीन हॅटवरून उडी मारायची अशी परीक्षा होती. क्लब नेमका कधीचा यावर एकमत नाही. काहीजण थेट १६४२पर्यंत मागे जातात, पण त्याला आधार कच्चा वाटतो, बहुतेक अभ्यासक १७४०च्या दशकाकडे झुकतात आणि जपून बोलायचं तर १७७८पासूनच्या नोंदींवरच पूर्ण भर द्यावा. सभासद मोठी माणसं होती हे नक्की, पण ती मोठेपणी शिकली का, हा वेगळा प्रश्न. याच क्लबचे रेव्हरंड रॉबर्ट वॉकर, डडिंगस्टन तळ्यावर स्केटिंग करतानाच्या त्या प्रसिद्ध चित्रातले (चित्र रेबर्नचं की दानलूचं हाही वाद आहेच), त्यांचं बालपण नेदरलँड्समध्ये गेलं होतं, म्हणजे ते बहुधा तिथेच शिकले असणार. त्यामुळे क्लबच्या परीक्षेवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. त्यापेक्षा लेफ्टनंट रॉबर्ट जोन्स यांचं १७७२चं लंडनमधलं पुस्तक जास्त वजनदार पुरावा वाटतो. ज्या कलेवर वाचून शिकण्यासाठी पुस्तक निघतं ती शिकणारे सगळेच लहान मुलं असतील हे पटत नाही.

१८७६मध्ये जॉन गॅमगी यांनी लंडनमध्ये यंत्राने गोठवलेली रिंक (स्केटिंगचं बर्फाचं मैदान) सुरू केली आणि थंडीची वाट न बघता सराव करता येईल अशी सोय पहिल्यांदा झाली. स्पर्धेतही तेव्हा वय आडवं येत नव्हतं, १९०८च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा उलरिक साल्काव ३१ वर्षांचे होते. त्या काळी गुणांचा मोठा वाटा बर्फावर काटेकोर आकृत्या काढण्याला असायचा आणि त्यात वर्षानुवर्षांचा सराव असलेला माणूस पुढे राहायचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या आकृत्या १९९०मध्ये गेल्या, उड्यांचं वजन त्याआधीपासूनच वाढत होतं, आणि लहानपणीच सुरू केलं पाहिजे ही समजूत त्याबरोबर पक्की होत गेली.

या समजुतीत तथ्य किती? उड्यांच्या बाबतीत बरंच. ३० सेंटिमीटर उंच उडीत माणूस हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो, तेवढ्यात दोन फेऱ्या मारायच्या तर सेकंदाला चार फेऱ्यांचा वेग लागतो. शरीराचा आकार सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढतो असं धरलं तर त्याचा फिरण्याला होणारा विरोध उंचीच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या मुलापेक्षा १७० सेंटिमीटरच्या माणसात तो पाच पटींहून जास्त, आणि ताकद तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. एजचं मात्र तसं नाही. ब्लेड साधारण ४ मिलिमीटर जाड, खालून खोबणीसारखं घासलेलं असतं म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात, शिवाय ते लांबीतही किंचित गोलाकार असतं (त्रिज्या ७ ते ८ फूट), म्हणून अंग एका बाजूला कललं की वाट आपोआप वळते. इथे फिरण्याच्या वेगापेक्षा कलण्यावरचा विश्वास लागतो. प्रौढांनी एज आणि वळणांवर जास्त वेळ घालवावा असं सांगणारे कोच म्हणूनच बरोबर वाटतात.

बर्फ निसरडा का असतो याचं जुनं उत्तर, ब्लेडच्या दाबाने तो वितळतो, अजूनही सगळीकडे सांगितलं जातं. पण माणसाच्या वजनाने वितळणबिंदू फार थोडा खाली येतो, आणि त्याहून कितीतरी थंड बर्फावरही स्केटिंग होतंच. १९३९मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेवर बोट ठेवलं, तर बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा पातळ थर असतो ही फॅरेडेंची १८५०ची कल्पना पुढे खरी ठरत गेली. आज या दोन्ही गोष्टी मिळून धरणं जास्त योग्य. फिगर स्केटिंगसाठी बर्फ साधारण उणे ३ ते उणे ४ अंश ठेवतात, आइस हॉकीच्या बर्फापेक्षा थोडा मऊ, त्यात एज नीट रुतते.

प्रौढांना खरं अडवते ती भीती, आणि ती खोटी नसते, कारण उंचीवरून पडायचं असतं आणि हात आपोआप पुढे जाऊन मनगटावर भार येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून गुडघे वाकवून बाजूला पडणं आणि उठणं शिकवतात, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड वापरायला लाज कसली. बूट सैल घेणं ही नेहमीची चूक, घोटा डुगडुगतो आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो. उलट टोकाला, वरच्या पातळीचे फार कडक बूट नवख्याला वाकूच देत नाहीत.

क्रम सगळीकडे जवळपास सारखा आहे: दोन पायांवर घसरणं, एका पायावर घसरणं, क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं), थ्री-टर्न (त्याच पायावर तोंडाची दिशा उलटी करणं), मोहॉक (पाय बदलून तेच करणं), मग वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेरीची उडी) आणि एका फेरीच्या उड्या. अ‍ॅक्सल या उडीत त्याहून अर्धी फेरी जास्त असते, तिथे बरेच प्रौढ वर्षानुवर्षं अडकतात.

अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला झाली. आकृत्या बंद झाल्यावर पाचच वर्षांनी, पण दोन्हींचा संबंध जोडणं घाईचं होईल. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनची स्पर्धा २००५पासून जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला भरू लागली. तिथे किमान वय २८, साधारण दहा-दहा वर्षांचे वयोगट आणि त्याशिवाय ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मास्टर्स अशा कौशल्याच्या पातळ्या आहेत. ब्राँझला अ‍ॅक्सल चालत नाही. उड्यांवर भर नसलेला कलात्मक प्रकारही असतो, आणि साठीनंतर शिकायला लागलेल्यांनाही त्यात रिंकवर उतरता येतं.